चोवीस सोडा, तीन आणि दोन वाचा

क्रोएशिया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाल-पांढऱ्या चौकटींची फुटबॉलची जर्सी येते आणि त्या जर्सीत बहुतेक वेळा लुका मॉद्रिच असतो. कुणी मारामारीच्या खेळांचा शौकीन असेल तर तो मिर्को 'क्रो कॉप' फिलिपोविचचं नाव घेईल आणि त्याच्या डाव्या लाथेची क्लिप फोनवर उघडून दाखवेल. बॉक्सिंग मात्र कुणाला आठवत नाही. जेमतेम चाळीस लाख लोकसंख्येच्या या देशाच्या खात्यावर बॉक्सिंगचा एक ऑलिम्पिक सुवर्णविजेता आहे, लाइट-हेवीवेटचे दोन व्यावसायिक जगज्जेते आहेत, एक जगज्जेती आहे आणि हेवीवेटमध्ये लेनक्स लुईससमोर बारा राउंड उभा राहिलेला एक माणूसही आहे.

ही माहिती शोधायला गेलात तर एक यादी मिळते. नाव, वजनगट, पदक, वर्ष, जिंकलेल्या-हरलेल्या लढती. अशा याद्या मी भरपूर वाचल्या आणि त्यांतल्या जितक्या लढती फोनवर सापडल्या तितक्या पाहिल्या. हा लेख त्या याद्यांवरची टीका आहे. यादी खोटं बोलत नाही, तरीही बॉक्सरबद्दल तिच्यातून जवळपास काहीच कळत नाही. उलट जिथे ती ठाम असते, नेमकं तिथेच थोडं थांबून बघावं लागतं.

कुठल्या देशाचा?

यादीत पहिलं नाव माते पार्लोवचं असतं आणि ते असायलाच हवं. जन्म १९४८चा, स्प्लिटचा. तो लहान असतानाच कुटुंब इस्त्रिया द्वीपकल्पावरच्या पुला शहरात आलं. तिथेच तो बॉक्सिंग शिकला, तिथेच आयुष्यभर राहिला आणि २००८मध्ये तिथेच वारला. डावखुरा, उंच, ताठ उभा राहून लांबून मारणारा. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये त्याने लाइट-हेवीवेटच्या अंतिम फेरीत क्यूबाच्या हिल्बेर्तो कारिय्योला हरवलं. १९७४ साली हौशी बॉक्सिंगची पहिलीवहिली जागतिक स्पर्धा हवानात भरली आणि तिथेही त्याने सुवर्ण घेतलं. जानेवारी १९७८मध्ये मिलानला त्याने अर्जेंटिनाच्या तोवर अपराजित असलेल्या मिगेल आंखेल क्वेय्योला नवव्या राउंडला झोपवलं आणि डब्ल्यूबीसीचा पट्टा कमरेला बांधला.

यादीत त्याच्या नावापुढे 'क्रोएशियन' असं लिहिलेलं असतं. ते खरंच आहे. पण वर सांगितलेल्या एकाही रात्री क्रोएशिया नावाचा स्वतंत्र देश जगाच्या नकाशावर नव्हता. त्याच्या बनियनवर युगोस्लाव्हियाचं नाव होतं आणि पोडियमवर युगोस्लाव्हियाचं राष्ट्रगीत वाजलं होतं. यादी हा तपशील गिळून टाकते, कारण यादीला एका रकान्यात एकच झेंडा बसवता येतो.

आणि युगोस्लाव्हिया काढून टाकला की पार्लोवची गोष्टच कळत नाही. सोव्हिएत गटातल्या देशांत व्यावसायिक बॉक्सिंगला जागा नव्हती. पैशासाठी मार खाणं हा भांडवलशाहीचा तमाशा मानला जायचा. क्यूबाचा तेओफिलो स्टीव्हन्सन म्युनिकला हेवीवेटचं सुवर्ण जिंकला, अमेरिकेतून आलेले व्यावसायिक लढतींचे प्रस्ताव त्याने नाकारले आणि तो हौशीच राहिला. मग त्याच म्युनिकमध्ये जिंकलेला पार्लोव १९७५मध्ये व्यावसायिक कसा झाला? कारण युगोस्लाव्हिया समाजवादी असला तरी मॉस्कोच्या दावणीला बांधलेला नव्हता. टिटो आणि स्टालिन यांचं फाटलं ते १९४८मध्ये, म्हणजे पार्लोवच्या जन्माच्याच वर्षी. पुढे या देशाने आपल्या लाखो कामगारांना पश्चिम जर्मनीत कामाला जाऊ दिलं. त्याच उघड्या दारातून एक बॉक्सरही बाहेर पडला. समाजवादी देशातून आलेला पहिला व्यावसायिक जगज्जेता, असं त्याच्याबद्दल म्हटलं जातं. या वाक्यातला प्रत्येक शब्द युगोस्लाव्हियावर उभा आहे.

देशाबद्दल विचारलं की पार्लोव काय म्हणायचा, ते क्रोएशियात आजही सांगतात. आशय असा, की मी अख्ख्या जगाचा विजेता आहे, मग मी राष्ट्रवादी कसा होऊ? नव्वदच्या दशकात जिथे शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारलं, त्या भूमीत या वाक्याला केवळ चटकदार उत्तर म्हणून हसता येत नाही.

१९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला गेलेल्या युगोस्लाव्ह संघाचा पार्लोव प्रशिक्षक होता. त्या संघात सुवर्ण जिंकणारा अंतोन योसिपोविच बान्या लुकाचा, रौप्य जिंकणारा रेजेप रेजेपोव्स्की कुमानोवोचा आणि कांस्य जिंकणारा अझीझ सालिहू प्रिश्तिनाचा. आजच्या नकाशात ही शहरं बोस्निया, उत्तर मॅसिडोनिया आणि कोसोव्होत मोडतात. एका कोपऱ्यात, एका प्रशिक्षकाच्या हाताखाली बसलेली ही मुलं आज तीन वेगवेगळ्या याद्यांत आहेत आणि त्यांचा प्रशिक्षक चौथ्या.

सुवर्ण, पण अंतिम लढत नाही

योसिपोविचची गोष्ट थोडी खोलात जाऊन सांगायला हवी. यादीत लिहिलेलं असतं, 'सुवर्ण, १९८४'. पण झालं काय? उपांत्य फेरीत अमेरिकेचा इव्हँडर होलीफील्ड न्यूझीलंडच्या केव्हिन बॅरीविरुद्ध लढत होता. पंचाने 'थांबा' म्हटल्यानंतर होलीफील्डचा ठोसा बसला, बॅरी आडवा झाला आणि होलीफील्डला बाद ठरवलं गेलं. पंच युगोस्लाव्ह होता. त्यावर केवढा गदारोळ झाला असेल, याची कल्पना करा. बॅरी जिंकला खरा, पण तो नॉकआउट झालेला असल्यामुळे नियमानुसार त्याला लगेच पुन्हा लढता येईना. अंतिम लढत झालीच नाही. योसिपोविचला सुवर्ण मिळालं ते एकही ठोसा न मारता.

मग पदकं द्यायची वेळ आली आणि योसिपोविचने कांस्यवाल्या होलीफील्डचा हात धरून त्याला सर्वात वरच्या पायरीवर, स्वतःच्या शेजारी ओढून घेतलं.

त्या कृतीकडे बघून कुणी म्हणेल, मोठ्या मनाचा माणूस. असेलही. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. योसिपोविचने तिथल्या तिथे स्वतःच्या पदकाची समीक्षा केली. हे सुवर्ण कसं आलंय ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे, असं तो एका हाताच्या ओढीने बोलला. यादीत 'सुवर्ण' हा एक शब्द उरला. त्या ओढीसाठी रकाना नव्हता.

वजाबाकीचा रकाना

आता पुन्हा पार्लोवकडे येऊ. त्याचा व्यावसायिक हिशेब २४-३-२ असा लिहितात. चोवीस विजय, तीन पराभव, दोन बरोबरी. बॉक्सिंगमध्ये हा आकडा म्हणजे माणसाचं आधारकार्ड. मला पहिल्या आकड्यात फार रस नाही. प्रत्येक व्यावसायिक बॉक्सरच्या सुरुवातीच्या विजयांत काही लढती अशा असतातच, की ज्या जुळवणाऱ्याला निकाल आधीच ठाऊक असतो. कुठल्या माणसाला सहज हरवता येईल, कोण सहा राउंड टिकेल पण त्रास देणार नाही, हे बघूनच समोरचा निवडला जातो. त्यात बेकायदेशीर काही नाही, धंदा तसाच चालतो. त्यामुळे विजयांचा आकडा जितका बॉक्सरचा, तितकाच त्याच्या प्रमोटरचाही असतो.

पराभव तसे जुळवलेले नसतात. म्हणून मी शेवटचे दोन आकडे वाचतो.

पार्लोवच्या न जिंकलेल्या रात्री पाच. त्या पाच रात्रींत समोर माणसं किती? फक्त तीन आणि तिघेही अमेरिकन. सुरुवातीच्या काळात मॅट फ्रँकलिन नावाच्या फिलाडेल्फियाच्या पोराने त्याला मिलानमध्ये हरवलं आणि पुढे त्रिएस्तेमध्ये बरोबरीत रोखलं. हाच फ्रँकलिन नंतर मॅथ्यू साद मुहम्मद झाला, लाइट-हेवीवेटचा जगज्जेता झाला आणि मरणाच्या दारातून परत येऊन लढती जिंकण्यासाठी त्याची ख्याती झाली. डिसेंबर १९७८मध्ये सिसिलीतल्या मार्सालाला मार्विन जॉन्सनने दहाव्या राउंडला पार्लोवला थांबवून पट्टा काढून घेतला. हा जॉन्सन पुढेही पुन्हा जगज्जेता झाला. तिसरा मार्विन कॅमल. मोंटानातल्या फ्लॅटहेड आदिवासी राखीव प्रदेशातून आलेला हा बॉक्सर आणि पार्लोव यांच्यात डिसेंबर १९७९मध्ये स्प्लिटला, क्रूझरवेट या नव्याने तयार झालेल्या वजनगटाच्या पहिल्या पट्ट्यासाठी लढत झाली. पंधरा राउंड झाले, निकाल बरोबरी. पट्टा कुणाच्याच कमरेला गेला नाही. मार्च १९८०मध्ये लास वेगासला दोघे पुन्हा भिडले, कॅमल गुणांवर जिंकला आणि पार्लोवने ग्लव्हज उतरवले.

म्हणजे हिशेब असा, की पार्लोवला जे कुणी रोखू शकले, ते सगळे जगज्जेते होते किंवा व्हायचे होते. हे वाक्य 'चोवीस विजय'पेक्षा कितीतरी जास्त सांगतं.

विजयांतही एक विजय असा आहे, जो सरळ रकान्यात बसत नाही. जून १९७८, बेलग्रेड, समोर लिव्हरपूलचा जॉन कॉन्टेह. कॉन्टेहने आपला पट्टा रिंगमध्ये कधीच गमावला नव्हता. कागदोपत्री भांडणातून तो काढून घेतला गेला होता आणि मग क्वेय्योकडून तो पार्लोवकडे आला होता. लढत पंधरा राउंड चालली, निकाल पार्लोवच्या बाजूने लागला, पण पंचांचं एकमत नव्हतं. एका पंचाने कॉन्टेहला विजयी धरलं होतं. यादीत तो 'वि' म्हणून नोंदला गेलाय. माझ्या लेखी ती लढत आणि स्प्लिटची बरोबरी एकाच जातीच्या आहेत. घरच्या प्रेक्षकांसमोर पंधरा राउंड, आणि शेवटी निकाल कागदावर. एका कागदाने हात वर केला, दुसऱ्याने नाही.

हरून नायक झालेला

झेल्को माव्रोविचवर टीका करणं अवघड आहे, कारण माणूस आवडतोच. झाग्रेबचा, डोक्यावर मोहॉक कापलेला, शाकाहारी. युगोस्लाव्हिया फुटल्यावर क्रोएशिया ज्या उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा स्वतःच्या नावाने उतरला, त्या १९९२च्या बार्सेलोनात तो होता. पुढे व्यावसायिक झाला, युरोपचा हेवीवेट विजेता झाला आणि सप्टेंबर १९९८मध्ये २७ पैकी २७ लढती जिंकून अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात लेनक्स लुईससमोर उभा राहिला.

तो काळ लक्षात घ्या. त्याच वर्षी जुलैमध्ये क्रोएशियाचा फुटबॉल संघ पहिल्याच विश्वचषकात तिसरा आला होता. दाव्होर शुकरने सर्वाधिक गोल केले होते. युद्ध संपून जेमतेम तीन वर्षं झालेला देश छाती काढून चालत होता आणि आता हेवीवेटचा पट्टाही दिसायला लागला होता.

माव्रोविच हरला. गुणांवर, स्पष्टपणे, पंचांच्या एकमताने. त्या लढतीत लुईसचे उजव्या हाताचे ठोसे एकापाठोपाठ बसतात आणि माव्रोविच पुढे येत राहतो. बारावा राउंड संपतो तेव्हा तो पायांवर असतो. त्यानंतर त्याची तब्येत ढासळली. पुनरागमनाच्या गोष्टी झाल्या, पण पुन्हा लढत झाली नाही. हिशेब कायमचा २७-१ राहिला आणि तो एक म्हणजेच शेवटचा.

आज त्याची गोष्ट कशी सांगितली जाते? स्लाव्होनियात सेंद्रिय शेती करणारा, ब्रेड बनवणारा माजी बॉक्सर. तीस सेकंदांच्या रीलला ही गोष्ट फारच सोयीची. आधी रक्त, मग गव्हाचं शेत, मागे हळुवार संगीत. 'हरला पण जिंकला' असं एक वाक्य वर. इथे माझा आक्षेप आहे. शेतीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, ते काम त्याने मनापासून केलंय. पण रीलमधली शेती त्या रात्रीवर मलमासारखी थापली जाते. बारा राउंड उभं राहणं ही शौर्याची गोष्ट आहे, हे मान्य. ती शरीराने मोजलेली किंमतही आहे. दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि 'हरला पण जिंकला' म्हणणारा फक्त अर्धं सांगतो. हरला, एवढंच म्हणून थांबलं तरी माव्रोविच लहान होत नाही.

अशाच सोयीची दुसरी प्रतिमा म्हणजे ग्लॅडिएटर. पुला शहरात रोमनकालीन प्रचंड अँफिथिएटर आजही उभं आहे, त्यामुळे पार्लोवबद्दल लिहिताना हा मोह बहुतेकांना आवरत नाही. पण ही प्रतिमा फसवी आहे. क्रोएशियाच्या बॉक्सरचं खरं जुळं भावंडं शोधायचं तर ते पुराणात नाही, जर्मनीतल्या कारखान्यात सापडेल. माव्रोविच आणि त्याच्या मागून आलेला स्तिपे द्रविश, दोघेही हॅम्बुर्गच्या युनिव्हर्सुम या प्रमोटर कंपनीकडून लढले. माकार्स्काचा हा द्रविश जर्मन पोस्टरवर 'ड्रूझ' झाला. जर्मन प्रेक्षकाला उच्चारता यावं म्हणून आडनाव वाकवलं. एप्रिल २००७मध्ये ओबरहाउझनला त्याने इटलीच्या सिल्व्हियो ब्रांकोला हरवून डब्ल्यूबीएचा लाइट-हेवीवेट पट्टा जिंकला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये थेट ऑस्ट्रेलियात, पर्थला जाऊन डॅनी ग्रीनच्या घरच्या प्रेक्षकांसमोर तो घालवला. पार्लोवने पट्टा जिंकला इटलीत आणि हरला इटलीतच. द्रविश जिंकला जर्मनीत, हरला ऑस्ट्रेलियात. काम मिळेल तिथे जायचं, ही स्थलांतरित कामगाराची रीत झाली.

यादीत उशिरा येणारं नाव

आत्तापर्यंत सगळे पुरुष झाले. याद्याही अशाच चालतात आणि अगदी शेवटी, आलीच तर, इवाना हबाझिन येते. २०१४मध्ये ती आयबीएफची वेल्टरवेट जगज्जेती झाली. त्याच वर्षी ती सेसिलिया ब्रेखुसकडून हरली. ऑक्टोबर २०१९मध्ये अमेरिकेतल्या फ्लिंटला क्लॅरेसा शील्ड्सविरुद्धची तिची लढत ठरली होती. वजन करण्याच्या वेळी तिचे प्रशिक्षक जेम्स अली बशीर यांच्यावर हल्ला झाला. साठी ओलांडलेले गृहस्थ, थेट रुग्णालयात. लढत रद्द झाली. हबाझिन घरी गेली आणि तीन महिन्यांनी, जानेवारी २०२०मध्ये, अटलांटिक सिटीला त्याच शील्ड्ससमोर येऊन उभी राहिली. खाली पडली, उठली, दहा राउंड पूर्ण केले, गुणांवर हरली. त्यानंतर तिने डब्ल्यूबीसीचा पट्टा मिळवला आणि डिसेंबर २०२४मध्ये लिव्हरपूलला नताशा जोनासविरुद्ध गमावला.

ब्रेखुस, शील्ड्स, जोनास. पार्लोवच्या तीन आणि दोनला लावलेला नियम हबाझिनलाही लावून बघा. तिच्या या पराभवांची नावं वाचली की तिच्या काळातल्या महिला बॉक्सिंगचा इतिहासच वाचल्यासारखा होतो. माव्रोविचच्या एका हरलेल्या रात्रीवर पानंच्या पानं लिहिली गेली. फ्लिंटनंतर परत येण्यावर त्याच्या दहावा हिस्साही नाही.

अजून न संपलेला

शेवटी फिलिप हरगोविच. झाग्रेबचा, जन्म १९९२चा. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सुपर-हेवीवेटच्या उपांत्य फेरीत तो फ्रान्सच्या टोनी योकाकडून फुटीर निकालाने हरला आणि कांस्य घेऊन परतला. योकाने मग अंतिम फेरीत इंग्लंडच्या जो जॉइसलाही तशाच वादग्रस्त निकालात हरवलं. २०२१मध्ये रिचर्ड मॅकलॅरेन यांच्या चौकशी अहवालाने रिओतल्या बॉक्सिंगमध्ये निकाल फिरवण्याची यंत्रणाच काम करत होती, असं म्हटलं.

म्हणजे हरगोविचचं कांस्य ज्या स्पर्धेतून आलं, तिचा तराजूच संशयाखाली होता. पण गंमत बघा. २०२२मध्ये जेद्दाहला चीनच्या झांग झिलेईने पहिल्याच राउंडला त्याला खाली पाडलं, तरी निकाल हरगोविचच्या बाजूने लागला. तेव्हा पाहणाऱ्यांपैकी अनेकांना झांग जिंकलाय असं वाटत होतं. तराजू कधी याच्या बाजूने, कधी त्याच्या. जून २०२४मध्ये रियाधला डॅनियल दुब्वाविरुद्ध तराजूची गरजच पडली नाही. सुरुवात हरगोविचने जोरात केली, पण आठव्या राउंडला चेहऱ्यावरच्या जखमा बघून डॉक्टरांनी थांबवलं. पहिला पराभव. तीन महिन्यांनी दुब्वाने वेम्ब्लीवर अँथनी जोशुआला लोळवलं. म्हणजे हरगोविचच्या वजाबाकीतलं पहिलं नावही मोठंच निघालं.

मग एप्रिल २०२५मध्ये मँचेस्टरला तो त्याच जो जॉइसला गुणांवर हरवतो. रिओत योकाकडून हरलेली दोन माणसं, नऊ वर्षांनी, एका रिंगमध्ये. त्या रात्री कुणाला रिओचं काही परत मिळालं नाही. मिळत नसतंच. पण ती लढत बघताना वाटत राहतं, की दोघांच्याही हिशेबात एक ओळ अशी आहे जिच्यावर त्यांचा स्वतःचा विश्वास नसेल.

या लेखातून एखादी गोष्ट उचलायची असेल, तर ही उचला. पुढच्या वेळी कुठल्याही बॉक्सरचं पान उघडलंत की पहिला आकडा सोडून द्या. दुसरा आणि तिसरा बघा. त्या रात्री समोर कोण होतं, लढत कुणाच्या गावात होती, प्रेक्षक कुणाचे होते आणि बनियनवर कुठल्या देशाचं नाव होतं, एवढं शोधा. दहा मिनिटं लागतील. पार्लोवपासून सुरुवात करायची असेल तर स्प्लिटची बरोबरी घ्या. पंधरा राउंड, आणि शेवटी पट्टा कुणाच्याच कमरेला नाही.